ट्रकवर सीबी रेडिओ लावायचा? आधी अँटेना आणि कायदा समजून घ्या

चंद्रपूर जिल्ह्यातला पोंभुर्णा तालुका एका बाजूने जंगलाला आणि दुसऱ्या बाजूने वैनगंगेला लागून आहे. नदीपलीकडे गडचिरोली जिल्हा सुरू होतो. या पट्ट्यातून बांबू, सागवान, धान, कोळसा आणि लोहखनिज भरलेले ट्रक येत-जात असतात. गोंडपिपरी ओलांडून आष्टी, आलापल्ली, एटापल्लीकडे जाताना मोबाईलच्या काड्या एकेक करून कमी होतात आणि काही ठिकाणी पूर्ण गायब होतात. तिथे टायर फुटला, ट्रक रस्त्यातच आडवा झाला किंवा समोरच्या वळणावर वाघ किंवा हत्ती उभा असला, तर मागून येणाऱ्या गाडीला कळवायचं कसं?

याचं उत्तर म्हणून सोशल मीडियावर अमेरिकन ट्रकचालकांचे व्हिडिओ फिरत असतात. कॅबिनमध्ये छोटा रेडिओ, हातात माईक, बाहेर आरशाजवळ डोलणारा उंच अँटेना. ना सिमकार्ड, ना रिचार्ज, ना टॉवर. यालाच सीबी, म्हणजे सिटिझन्स बँड रेडिओ म्हणतात. "आपल्याकडे हे का नाही?" असा प्रश्न या व्हिडिओंखाली हमखास असतो.

सीबी भारतातही चालतो आणि ठरावीक मर्यादेत त्याला परवाना लागत नाही. पण अमेरिकेचा सेट आणि अमेरिकेचा सल्ला जसाच्या तसा उचलला, तर पैसे वाया जाऊ शकतात आणि कायद्याची अडचणही होऊ शकते. या दोन्ही गोष्टी टाळायच्या तर सेटपेक्षा अँटेनाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

सीबी म्हणजे नेमकं काय?

मोबाईलचा आवाज टॉवरमार्फत जातो. सीबीमध्ये एका गाडीतला सेट दुसऱ्या गाडीतल्या सेटशी थेट बोलतो. मधे कुणीच नसतं. एका वेळी एकानेच बोलायचं, बटण सोडायचं, मग दुसऱ्याने बोलायचं. त्या चॅनेलवर जवळपास असलेला प्रत्येक जण ते ऐकू शकतो. गुप्तता शून्य. पण रस्त्यावरच्या धोक्याची सूचना द्यायची असेल, तर सगळ्यांना ऐकू जाणं हाच त्याचा फायदा.

अमेरिकेत २७ मेगाहर्ट्झवरचा सीबी १९५८ मध्ये सुरू झाला. तो ट्रकचालकांच्या कॅबिनमध्ये घट्ट बसला तो १९७३ च्या तेलटंचाईनंतर. डिझेल कुठे मिळतंय, रस्ता कुठे अडलाय, ताशी ५५ मैलांच्या नव्या वेगमर्यादेसाठी पोलीस कुठे उभे आहेत, हे सगळं चालक एकमेकांना सीबीवरून सांगू लागले. १ जानेवारी १९७७ पासून तिथे चॅनेलची संख्या २३ वरून ४० झाली. चॅनेल १९ हा ट्रकवाल्यांचा आणि चॅनेल ९ हा आणीबाणीचा, ही पद्धत आजही आहे.

सीबी तिथे टिकला, कारण तो प्रत्येक दुसऱ्या ट्रकमध्ये होता. हा मुद्दा शेवटी पुन्हा येईल.

भारतातला नियम काय सांगतो?

भारतात वायरलेस उपकरण परवान्याशिवाय जवळ बाळगता येत नाही, हा १९३३ च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून चालत आलेला दंडक आहे. मात्र काही कमी शक्तीच्या उपकरणांना सरकारने परवान्यातून सूट दिली आहे. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा सिटिझन्स बँड त्यातलाच एक. इथे बाहेर पडणारी प्रभावी शक्ती जास्तीत जास्त ५ वॅट असली पाहिजे, ही मुख्य अट. शिवाय हा बँड सगळ्यांचा सामायिक आहे. दुसऱ्याला व्यत्यय आणायचा नाही आणि आपल्याला व्यत्यय आला तर संरक्षण मागता येत नाही.

आता हे आकडे अमेरिकन सेटशी जुळवून पाहूया. ४० चॅनेलचा सेट २६.९६५ पासून २७.४०५ मेगाहर्ट्झपर्यंत जातो. भारताची सूट मात्र २७.२८३ ला संपते. चॅनेल २७ आहे २७.२७५ वर, म्हणजे तो आत बसतो. चॅनेल २८ आहे २७.२८५ वर, म्हणजे तो बाहेर पडतो.

सरळ सांगायचं तर ४० पैकी पहिली २७ चॅनेल भारताच्या सुटीत बसतात आणि २८ ते ४० ही १३ चॅनेल बसत नाहीत. बटण तेच, सेट तोच, पण एक चॅनेल पुढे सरकलं की परवान्याचा प्रश्न उभा राहतो. काही युरोपीय बनावटीच्या सेटमध्ये देशानुसार मोड बदलता येतात आणि त्यात भारतासाठी २७ चॅनेलचा वेगळा मोडही असतो. सेट घेताना ही सोय आहे का, हे आधी पाहायला हवं.

परवान्यातून सूट म्हणजे सगळ्याच कागदपत्रांतून सूट नव्हे. सेटला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची ईटीए, म्हणजे उपकरण-प्रकार मंजुरी लागते. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून सेट मागवणं म्हणूनच सोपं दिसलं तरी सुरक्षित नाही.

ऑनलाइन मिळतंय म्हणजे कायदेशीर आहे का?

नाही, आणि हा प्रश्न अलीकडे सरकारनेही उचलला आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ ई-कॉमर्स प्लॅटफॉर्मना वॉकीटॉकीच्या विक्रीबद्दल नोटिसा बजावल्या. हे सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतात, त्यांना परवाना लागतो का, ईटीए आहे का, याची माहिती न देताच ते विकले जात असल्याचा आक्षेप होता. त्यानंतर रेडिओ उपकरणांच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वं आली. फ्रिक्वेन्सी आणि मंजुरीची माहिती उत्पादनाच्या पानावर देणं त्यात अपेक्षित आहे.

इथे एक गल्लत नेहमी होते. ऑनलाइन दिसणारे स्वस्त हातातले वॉकीटॉकी बहुतेक सीबी नसतात. ते व्हीएचएफ किंवा यूएचएफ पट्ट्यात चालतात. त्यातल्या ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढ्याच अरुंद पट्टीला २०१८ च्या नियमांनुसार परवान्यातून सूट आहे. बाकीच्या पट्ट्यांत पोलीस, वनविभाग, खाणी, विमानतळ अशा अनेकांचं अधिकृत दळणवळण चालतं. अनेक स्वस्त सेट या सगळ्या पट्ट्यांवर बोलू शकतात. खोक्यावर "लायसन्स फ्री" छापलेलं असलं तरी त्याला अर्थ नाही. खरा प्रश्न सेट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलू शकतो, हा आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीत याला आणखी एक बाजू आहे. हा माओवादी चळवळीची झळ सोसलेला प्रदेश आहे. डिसेंबर २०१६ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडला लोहखनिज वाहतुकीचे डझनावारी ट्रक जाळण्यात आले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली आणि परिस्थिती बरीच बदलली. तरीही नाकाबंदीत एखाद्या ट्रकमध्ये कागदपत्रांशिवाय वायरलेस सेट सापडला, तर प्रश्न विचारले जाणारच. सेटचं बिल, ईटीएची प्रत आणि फ्रिक्वेन्सी लिहिलेलं माहितीपत्रक आरसी-विम्याच्या फाईलमध्येच ठेवणं शहाणपणाचं.

सेटपेक्षा अँटेना महत्त्वाचा का?

कारण शक्तीवर कायद्याची मर्यादा आहे. सेट ५ हजारांचा असो की २० हजारांचा, हवेत जाणारी शक्ती ५ वॅटच्या वर जाऊ शकत नाही. एवढी शक्ती म्हणजे साध्या एलईडी बल्बपेक्षाही कमी. ती वाया न घालवता बाहेर सोडणं आणि समोरून येणारा क्षीण आवाज पकडणं, ही दोन्ही कामं अँटेना करतो.

अँटेनाची लांबी मनाला येईल तशी ठेवता येत नाही. ती लहरीच्या लांबीशी जुळावी लागते. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटर लांब असते. गाडीवर सहसा तिच्या पाव लांबीचा अँटेना लावतात. तोही होतो पावणेतीन मीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास नऊ फूट.

पोलीस किंवा वनविभागाच्या जीपवरचा व्हीएचएफ अँटेना अर्ध्या मीटरचाच असतो, कारण त्यांची फ्रिक्वेन्सी जास्त आणि लहर आखूड असते. त्यांचा अँटेना छोटा आहे, मग सीबीचा एवढा लांब का, याचं उत्तर या भागाकारात आहे. व्हीएचएफचा छोटा अँटेना सीबीच्या सेटला जोडला तर तो नीट चालत नाही, उलट सेट खराब होऊ शकतो.

कुठला अँटेना निवडायचा?

बाजारात ढोबळमानाने चार प्रकार दिसतात.

पूर्ण लांबीची स्टीलची काठी: पाव लहरीची, सुमारे २.६ ते २.७ मीटर. काम सर्वांत चांगलं. पण कॅबिनच्या वर एवढी काठी उभी केली तर ती झाडांच्या फांद्यांत अडकते आणि गावातल्या लोंबकळणाऱ्या विजेच्या तारांना लागण्याचा खरा धोका असतो. पोंभुर्ण्यासारख्या भागात ट्रकसाठी हा पर्याय बाद.

फायबरग्लासचा अँटेना: फायबरच्या दांड्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते. तारेच्या वेटोळ्यांमुळे तीन ते पाच फुटांचा अँटेनाही पाव लहरीसारखा वागतो. वाकतो, सहज तुटत नाही, टोकाला ट्यूनिंगचा स्क्रू असतो. जंगलातल्या रस्त्यांवरच्या मालट्रकसाठी चार-पाच फुटांचा फायबर हा सगळ्यात व्यवहारी पर्याय.

मधोमध कॉईल असलेला अँटेना: खाली दांडा, मधे जाड कॉईल, वर स्टीलची काठी. कॉईल कॅबिनच्या छतापेक्षा वर राहिली तर हा फार चांगलं काम करतो. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या ट्रकवर म्हणूनच तो लोकप्रिय आहे. पण कॉईल जड असते. खड्ड्यांच्या रस्त्यावर ती हेलकावे खाते आणि आरशाचा ब्रॅकेट सैल करते.

चुंबकाचा अँटेना: छतावर ठेवायचा, छिद्र पाडायचं नाही. कार किंवा पिकअपला सोयीचा. त्याला लोखंडी छत लागतं. ट्रकवर फांदी लागली की तो खाली येतो आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्यावर त्याखालचं रबर मऊ पडून रंगाला चिकटतं.

एक ढोबळ नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. अँटेना जितका आखूड, तितकं त्याचं काम कमी आणि ट्यूनिंगही नाजूक. दीड-दोन फुटांचा "पॉवरफुल" अँटेना पाच फुटांच्या साध्या अँटेनाला मागे टाकेल, हा दावा भौतिकशास्त्राला धरून नाही. जाहिरातीतले हजारो वॅटचे आकडे हे अँटेना किती शक्ती सहन करू शकतो त्याचे असतात, तो किती दूर बोलतो त्याचे नसतात. ५ वॅटच्या मर्यादेत त्यांचा काही उपयोग नाही.

लावायचा कुठे?

काठी म्हणजे अर्धाच अँटेना. उरलेला अर्धा म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. अँटेनाच्या बुडाला असलेला पत्रा आणि चेसिस मिळून आरशासारखं काम करतात. तो आरसा नसेल तर कितीही महाग अँटेना घ्या, ट्यून होत नाही.

इथे आपल्याकडच्या ट्रकांत मोठा फरक पडतो. टिपर किंवा हायवाला कॅबिन आणि डाला दोन्ही लोखंडी असतात. अनेक जुन्या मालट्रकांची कॅबिन आणि बॉडी मात्र स्थानिक कारागिरांनी लाकडावर पत्रा ठोकून बांधलेली असते. पत्रा दिसतो, पण तो चेसिसशी विजेच्या दृष्टीने जोडलेला असेलच असं नाही. अशा वेळी अँटेनाच्या ब्रॅकेटपासून चेसिसपर्यंत जाड, रुंद, विणलेली अर्थिंगची पट्टी टाकावी लागते. जोडणीच्या जागी रंग खरवडून लोखंड उघडं करायचं, नट घट्ट आवळायचा आणि वरून ग्रीस लावायचं. लोहखनिजाची लाल धूळ आणि पावसाळ्यातली ओल या सांध्यात शिरली, की महिन्याभरात जोडणी सैल पडते.

जागा म्हणून छताचा मध्य सर्वांत चांगला, पण उंचीमुळे ट्रकवर तो जमत नाही. आरशाचा ब्रॅकेट हा नेहमीचा तोडगा. तो आपल्याकडे बहुधा डाव्या बाजूला नको, कारण रस्त्याकडेच्या फांद्या त्याच बाजूला लागतात. चालकाच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे लावला तर तो नजरेतही राहतो. अँटेनाचा निम्म्याहून जास्त भाग कॅबिनच्या छताच्या वर असावा. लोखंडी डाल्याला किंवा बांबूच्या भाराला खेटून उभा केलेला अँटेना त्या बाजूला जवळपास मुका होतो.

व्हिडिओत दिसणारी दोन अँटेनांची जोडी लावावी का? दोन अँटेनांचा खरा फायदा हवा तर त्यांच्यातलं अंतर सुमारे पावणेतीन मीटर लागतं. ट्रकच्या दोन आरशांमध्ये ते कसंबसं मिळतं. शिवाय दोघांना जोडणारी केबल वेगळी, ७५ ओहमची लागते आणि दोन्ही अँटेना अगदी सारखे ट्यून करावे लागतात. एकाची जोडणी सैल झाली की दोन्ही बिघडतात. सुरुवात करणाऱ्यासाठी नीट लावलेला एकच अँटेना पुरेसा.

केबल आणि २४ व्होल्टचं गणित

एका अँटेनासाठी ५० ओहमची केबल लागते. टीव्हीची डिश केबल ७५ ओहमची असते. ती घरात पडून आहे म्हणून वापरू नये. १८ फूटच केबल लागते, असा एक समज आहे. अँटेना नीट ट्यून असेल तर केबलच्या लांबीने फारसा फरक पडत नाही. मात्र उरलेली केबल घट्ट गुंडाळून, दरवाजात चेंगरून ठेवली तर ती आतून तुटते आणि बिघाड सापडत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या ट्रकवाल्यांसाठी जास्त महत्त्वाची आहे. बहुतेक सीबी सेट १२ व्होल्टचे असतात आणि आपले मोठे ट्रक २४ व्होल्टचे. सेट थेट जोडला तर जळतो. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढणं हा गॅरेजमधला नेहमीचा जुगाड. पण त्यामुळे एक बॅटरी जास्त उतरते, दुसरी जास्त भरते आणि काही काळाने दोन्ही जातात. २४ वरून १२ व्होल्ट करणारा चांगला कन्व्हर्टर लावणं हाच योग्य मार्ग. स्वस्त कन्व्हर्टर, हलके एलईडी दिवे आणि मोबाईल चार्जर हे सगळे सीबीच्या पट्ट्यात खरखर करतात. इंजिन बंद असताना आवाज स्वच्छ आणि चालू केल्यावर खरखर येत असेल, तर दोष अँटेनाचा नाही, वायरिंगचा आहे.

ट्यूनिंग कसं करतात?

सेटमधून निघालेली शक्ती अँटेनाने पूर्ण स्वीकारली तर उत्तम. लांबी चुकली असेल तर त्यातली काही शक्ती परत सेटकडे येते. ती किती येते, हे मोजणाऱ्या आकड्याला एसडब्ल्यूआर म्हणतात. त्याचं मीटर वेगळं मिळतं.

आकडे असे वाचायचे. १ म्हणजे आदर्श. १.५ असेल तर सुमारे ४ टक्के शक्ती परत येते, काळजी नको. २ असेल तर ११ टक्के, चालवून घेता येतं. ३ असेल तर २५ टक्के. तिथे बोलणं थांबवायचं, कारण परत आलेल्या शक्तीने सेटचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

पद्धत अशी आहे:

१. ट्रक मोकळ्या मैदानात आणायचा. शेड, दुसरे ट्रक, विजेच्या तारा जवळ नकोत. दरवाजे बंद ठेवायचे.

२. सेट आणि अँटेना यांच्या मधे मीटर जोडायचं. कमी लांबीची जोडकेबल वापरायची.

३. चॅनेल मोकळं आहे याची खात्री करून बटण दोन-तीन सेकंदच दाबायचं आणि आकडा लिहून घ्यायचा.

४. अमेरिकन व्हिडिओत चॅनेल १, १९ किंवा २० आणि ४० वर मोजायला सांगतात. भारतात चॅनेल १, १४ आणि २७ वर मोजायचं. आपल्या पट्ट्याचा मध्य २७.१२ मेगाहर्ट्झ आहे आणि चॅनेल १४ त्याच्या अगदी जवळ पडतं.

५. चॅनेल १ वर आकडा जास्त आणि २७ वर कमी असेल, तर अँटेना आखूड आहे. स्क्रू बाहेर काढून लांबी वाढवायची. उलट असेल, म्हणजे २७ वर जास्त, तर अँटेना लांब आहे. स्क्रू आत घ्यायचा.

६. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच बदल करायचा आणि पुन्हा मोजायचं. काठी कापायची वेळ आलीच तर सगळ्यात शेवटी, कारण कापलेली काठी पुन्हा जोडता येत नाही.

७. मधल्या चॅनेलवर सर्वांत कमी आणि दोन्ही टोकांना साधारण सारखा आकडा आला की काम झालं.

समजा, चॅनेल १ वर २.२, चॅनेल १४ वर १.७ आणि चॅनेल २७ वर १.४ आला. म्हणजे अँटेना आखूड आहे. लांबी थोडी वाढवली की हे आकडे एकमेकांजवळ येतील. पण तिन्ही चॅनेलवर आकडा ३ च्या वर असेल, तर स्क्रूशी खेळू नका. तिथे बहुधा अर्थिंग नाही, केबल तुटली आहे किंवा ब्रॅकेटमध्ये शॉर्ट आहे.

इथेच आयात अँटेनाचा एक छुपा मुद्दा कळतो. "आधीच ट्यून केलेला" म्हणून विकला जाणारा अँटेना ४० चॅनेलच्या मध्यावर, २७.१८५ मेगाहर्ट्झवर जुळवलेला असतो. आपला मध्य त्याच्या खाली आहे. त्यामुळे असा अँटेना भारतात बहुधा किंचित लांब करावा लागतो. शिवाय ट्यूनिंग त्या ट्रकपुरतंच असतं. तोच अँटेना दुसऱ्या गाडीवर लावला की पुन्हा मोजणं आलं.

बोलणं किती दूर जातं?

मोकळ्या, सपाट रस्त्यावर दोन नीट ट्यून केलेल्या ट्रकांमध्ये ५ ते १० किलोमीटर ही वाजवी अपेक्षा. दाट सागवानी जंगलात किंवा उतारावर त्याहून कमी. हातातल्या छोट्या सेटवर आणखी कमी. "५० किलोमीटर रेंज" असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी ते रस्त्यावर मिळत नाही.

कधीकधी मात्र हजारो किलोमीटर दूरचे अनोळखी आवाज अचानक येऊ लागतात. हा बिघाड नाही. सूर्यावरच्या हालचाली वाढल्या की वातावरणाच्या वरच्या थरावरून या लहरी परावर्तित होतात. अशा वेळी जवळचा आवाज दाबला जातो. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी सीबी साथ देईलच, याची हमी नाही.

अंतर वाढवण्यासाठी बूस्टर लावावा का? नाही. शक्ती ५ वॅटच्या वर गेली की परवान्याची सूट संपते. कायदा इथे सेटवरचा आकडा नाही, प्रभावी बाहेर पडणारी शक्ती मोजतो. आखूड अँटेनाच्या ४ वॅटच्या सेटला या मर्यादेची अडचण येत नाही, बूस्टरला येते.

मग पोंभुर्ण्यातल्या ट्रकमालकाने काय करावं?

एका ट्रकवर सीबी लावून काहीच होत नाही, हे आधी मान्य करायला हवं. अमेरिकेत चॅनेल १९ वर हाक मारली की कुणीतरी उत्तर देतं, कारण ऐकणारे असतात. मूल-पोंभुर्णा-गोंडपिपरीच्या रस्त्यावर आज हाक मारली तर उत्तर देणारा नसेल. सर्वांत महाग अँटेनाही ही उणीव भरून काढू शकत नाही.

म्हणून हा एकट्या चालकाचा निर्णय नाही, ताफ्याचा आहे. एकाच मार्गावर एकाच मालकाचे किंवा संघटनेचे आठ-दहा ट्रक चालत असतील, तर सीबीला अर्थ येतो. सगळ्यांचा एकच प्रकारचा अँटेना, सगळ्यांचं ट्यूनिंग एकदाच, मोजणारं मीटर सगळ्यांत मिळून एक, आणि बोलायचं चॅनेल ठरलेलं, १ ते २७ च्या आतलं. पुढच्या ट्रकने "वळणावर जनावर आहे, हळू या" असं सांगितलं आणि मागच्या चौघांनी ते ऐकलं, तर एवढ्यानेही एखादा अपघात टळू शकतो.

ज्यांना खात्रीचं आणि लांबचं दळणवळण हवं, त्यांच्यासाठी परवानाधारक व्हीएचएफ यंत्रणा हा वेगळा मार्ग आहे. त्यात शुल्क आहे, कागदपत्रं आहेत, पण ठरलेली फ्रिक्वेन्सीही मिळते. खाणी, पोलीस आणि वनविभाग याच वाटेने जातात.

मोठ्या चित्रात पाहिलं, तर हेडरी ते कोनसरी ही लोहखनिजाची सुमारे ८५ किलोमीटरची वाहिनी २०२५ मध्ये सुरू झाली. रस्त्यावरची ट्रकची गर्दी कमी करणं हाही तिचा एक उद्देश आहे. पण बांबू, सागवान, धान आणि कोळसा नळातून जात नाहीत. ते ट्रकनेच जाणार आणि त्या ट्रकमध्ये बसलेला माणूस काही तास संपर्काबाहेरच राहणार. त्याला टॉवर हवाच. अपघातात १०८ ला किंवा ११२ ला फोन लागायलाच हवा आणि सीबी ती जागा घेऊ शकत नाही, कारण रुग्णवाहिका सीबी ऐकत नाही.

टॉवर येईपर्यंतच्या काळात मागच्या-पुढच्या ट्रकला सावध करण्याएवढं काम मात्र तो करू शकतो. त्यासाठी खिशातून जाणारा मोठा खर्च सेटचा वाटतो. पण बोलणं पोचतं की नाही हे ठरतं ते खरवडलेल्या रंगावर, घट्ट आवळलेल्या नटावर आणि दोन-तीन मिलिमीटर फिरवलेल्या स्क्रूवर.